हातातला क्लच

मागल्या दिवाळीत चासी आणली, कागलच्या भंगारातली.
इंजिन एका दुधाच्या टेंपोचं.
दारं नाहीतच. दारांचे पैसे टायरांत गेले.

उद्यमनगरात, जिनपालच्या लेथमागं
रविवारी रविवारी वाढत गेली गाडी,
शेजाऱ्याची म्हैस वाढावी तशी:
येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबायचं, नावं ठेवायची.
"लगा, ही तुम्हाला चढवणार का तुम्ही हिला?"

फाल्गुनात मसाईच्या पठारावर नेली.
जांभ्यावर एक्सल बोलला, कट्ट.
आम्ही चौघं वाऱ्यात बसून
डिझेलच्या हातांनी खर्डा-भाकरी खाल्ली.

श्रावणात फौंड्रीत भरमूचा डावा पाय गेला,
घोट्याखाली.
दवाखान्यात कुणाला काही सुचेना.
तोच म्हणाला, रंग कुठला द्यायचा, ठरलं का?

मग तीन महिने रंगाचं कुणी काढलं नाही.
जिनपालनं गिअरच्या दांड्यालाच
जुन्या बुलेटचा लिव्हर जोडला.
मकबूलनं केबल ओढली, तुटली, परत ओढली.
मी बॅटरी धरली.
बॅटरी धरणाऱ्याला शिव्या जास्त बसतात.

आज पाडवा. गगनबावड्याच्या अलीकडं,
ओढ्याच्या लाल राड्यात
पुढची दोन्ही चाकं बुडालेली.
भरमू स्टेअरिंगवर.
आम्ही ढकलायला उतरलो.

"बाजूला सरा."
कुणी सरेना.
"सरा म्हणतोय न्हवं!"

डावी मूठ आवळली, हळू सुटली.
राडा आमच्या तोंडावर, दातांत, मकबूलच्या नव्या शर्टावर,
आणि गाडी वर.
थांबली नाही. वळणापलीकडं गेली.
हॉर्न तेवढा येत राहिला.

आम्ही मागून चालत निघालो
तिच्या चाकोरीतनं.
रंग अजून दिलेला नाही.