आधारवर्ष

गेटवरचा रखवालदार वहीत उतरवतो :
प्रणिता मढवी, ऐरोली.
'कशासाठी' या रकान्यापाशी तो अडतो,
पेन झटकतो
आणि लिहितो, धूर.
मी दुरुस्त करत नाही.
बारा वर्षांत माझ्या हुद्द्याचं इतकं नेमकं भाषांतर
कुणाला जमलं नव्हतं.

पहिल्या नोकरीत मी नुसती बिलं गोळा करायचे.
तुर्भ्याच्या एका शेठने वर्षभराच्या डिझेलच्या पावत्या
फरसाणाच्या पिशवीत भरून दिल्या.
तेलाचे डाग पडलेले आकडे
मी टनांत बदलत बसले रात्रभर,
आणि सकाळी बोटांना शेवेचा वास.

आज रबाळे. रंगाचा कारखाना.
बॉयलरवर हसुराम भोईर, निवृत्तीला चौदा महिने.
माझ्या हातातलं गळती शोधायचं यंत्र ते उलटसुलट बघतात,
किंमत विचारतात, हसतात,
आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन
मला हवेच्या नळ्यांखालून फिरवतात.
सांध्यासांध्यावर फुगे धरतात.
'हा बघा. हा बघा. आणि हा तर
तीन वर्षं बोलतोय, ऐकतंय कोण?'
सत्तावीस फुगे.
कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यात
कोळशाची एक अख्खी वाघीण
या शिट्ट्यांसाठी रिकामी होत असणार.

वर, थंडगार खोलीत, सोनटक्के साहेब बिस्किटं पुढे करतात.
'मॅडम, आधारवर्ष जुन्या बॉयलरचंच धरू.
तेव्हा धूर सगळ्यात जास्त होता,
तिथून मोजलं की उतरण छान दिसते.'
मी म्हणते, नाही.
ते म्हणतात, पण नियमात बसतंय.
मी म्हणते, बसतंय, म्हणूनच नाही.
तासाभराने आम्ही
तीन वर्षांच्या सरासरीवर येतो.
माझे बहुतेक विजय असेच दिसतात,
चहात बुडवून अर्धं गळून पडलेल्या बिस्किटासारखे.

घरी आई जवळा निवडत बसलेली.
'काय गो, धूर मोजाचे पैशे देतान तुला?'
देतात, आई.
'मंग कमी झाला का?'
टनामागे अकरा टक्के, मी सांगते.
माल वीस टक्के जास्त काढला
हे सांगत नाही.
पण तिने आयुष्यभर बाजारात टोपली विकलीय,
भाव उतरला म्हणजे गल्ला भरला असं नसतं
हे तिला माझ्याआधी कळतं.
ती मान न उचलता विचारते,
'मोजतंस कुठल्या सालापासून?'

मी तिला आधारवर्ष समजावते.
ती जवळ्यातला कचरा नखाने बाजूला सारते.
'खारीन जितारा घावाचा तवापासून मोज.
तुजा बाबूस कंपनीन लागला ना,
त्या सालापासून.'

त्या सालापासून.
कंपनीच्या नाल्याचं तोंड आमच्या खाडीत उघडलं तेव्हापासून,
आणि बाबांच्या पगाराच्या पाकिटातून
माझी पहिली फी भरली गेली तेव्हापासून.
हिशेबाच्या दोन्ही बाजूंना मीच उभी असेन
असा तक्ता मला कुणी शिकवला नाही.
कोऱ्या कागदावर मी ते साल लिहिते.
थोडा वेळ बघते.
कागद जवळ्याच्या कचऱ्याखाली जातो.

पंधरा दिवसांनी फोन येतो.
'मॅडम, हसुराम बोलतोय.
पंचवीस बंद केले.
एक आता सापडतच नाही, मेला लपलाय.
आणि एक मी मुद्दाम ठेवलाय.
नवा पोरगा आलाय ना, दिघ्याचा,
त्याला सांगितलंय, बाटली नंतर.
आधी कान लाव.'

मागे कारखान्याचा आवाज,
आणि त्यात, मला वाटतं,
ती एक बारीक शिट्टी.

मी तक्त्यात भरते : उघडे, दोन.
कारण विचारलं, तर सांगेन.