सर्रास आढळणारी वस्तू

तुमचं उत्तर मिळालं. दोन ओळी, खाली सही नाही:
'वस्तू सर्रास आढळते.
सबब ठिकाण नकाशावरून काढले आहे.'

तर आधी हे, की ते एक ठिकाण नव्हतं.
एकोणीस होती,
बसथांब्यापासून बीचच्या रानातून वर,
चुनखडीच्या कड्याला वळसा घालून
थेट मेंढपाळांच्या खिंडीपर्यंत.
एका मंगळवारी, माझी न्याहारी व्हायच्या आत
एकोणीसच्या एकोणीस मालवली गेली.
तुमच्या खेळात आता तिथे नुसता करडा चढ,
आणि त्यावर माझी बाहुली उभी,
चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखी.

नियम वाचलाय मी, पोटकलमांसकट.
कचरापेट्या नकोत, विजेचे खांब नकोत,
गाड्यांसाठीच्या पाट्या नकोत. कबूल.
पण तिसरा तो पिवळा बाण बघा,
फोटो जोडलाय (धुकं होतं, माफ करा).
त्यावर लिहिलंय: खिंड, एक तास पंचेचाळीस मिनिटं.
ही पंचेचाळीस मिनिटं
कुठल्या कारखान्यात ओततात?

ती वेंडेलिन बार्त्कोनं चालून मोजली,
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात,
सोबत सहा वर्षांची पोरगी होती
आणि ती प्रत्येक ओढ्यात थांबून दगड टाकायची.
मंडळाच्या सचिवांनी लिहिलं, वीस मिनिटं जास्त आहेत.
यानं उलटटपाली कळवलं,
पोरं याच वाटेनं जातात.
बाण तसाच राहिला.
स्लोव्हाकियात असे बाण हजारोंनी असतील,
पत्रा एक, पिवळा एक, अक्षरांचा साचा एक.
आत पाय मात्र कुणाचे ना कुणाचे.

एक कबुलीही जोडते, नाहीतर हा अर्ज खोटा ठरेल.
मागच्या हिवाळ्यात परीक्षकांच्या रांगेत मीही होते.
कोरियातल्या कुठल्याशा डोंगरावरचा
एक लाकडी खांब समोर आला,
चार रिबिनी बांधलेला.
बाहेर बर्फ. सूप उतू जायला आलेलं.
'असे पुष्कळ' यावर बोट ठेवलं आणि उठले.
रिबिनी कुणी बांधल्या,
खांब कुणाच्या खांद्यावरून वर गेला,
विचारलं नाही.
म्हणून तुम्ही कोण हे मला नक्की ठाऊक आहे.
तुमचं लक्ष सुपाकडे होतं.

कळावे,
झेल्मीरा बार्त्कोवा,
ओढ्यात दगड टाकणारी.

*

नवव्या दिवशी निकाल आला.
एकोणिसांतलं एकही नाही.
खिंडीतला बाक मात्र 'पात्र' ठरला,
जो मी मागितलाच नव्हता:
बँकेच्या नावाची पितळी पट्टी असलेला,
ज्यावर ओल धरते म्हणून कुणी बसत नाही.

शनिवारी बाबांबरोबर वर गेले.
डबे माझ्याकडे, ब्रश त्यांच्याकडे.
साल तारेच्या ब्रशनं हलकेच खरवडायची,
पांढरा पट्टा, थांबायचं,
मध्ये लाल, थांबायचं,
पुन्हा पांढरा.
झाड जाड होतं तशी खूण ताणली जाते,
चार वर्षांत ओळखू येईनाशी होते.
त्यांनी विचारलं,
'तुझ्या खेळातल्या त्या खुणा, त्यांना रंग कोण देतं?'
म्हटलं, कुणीच नाही.
'मग उडणारच,' म्हणाले,
आणि गुडघ्यावर हात ठेवून पुढच्या झाडाकडे निघाले.

खिंडीत पोचायला आम्हाला तीन तास लागले.
परतताना त्या बाणाखाली ते बराच वेळ उभे राहिले,
जणू दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचतायत.
'कोणी मोजलं हे? फारच घाईत होता लेकाचा.'

फोटो काढायला फोन काढला.
अंगठा टेकवला, उघडेना.
पुसून टेकवला, तरी उघडेना.
अंगठ्यावरच्या सगळ्या रेषा
लाल रंगानं भरल्या होत्या.