पलतडचा गोल

पहिला सामना रायबंदरला झाला.
मी फेरीबोटीवर, ड्युटीवर.
गोल नदीवरून ऐकू आले:
एक मोठा गलका, मग दुसरा,
मग बराच वेळ नुसतं इंजिन,
आणि शेवटी शेवटी एक बारीकसा,
बारा-पंधरा गळ्यांचा.
तो आमचा.

दोन-एक. हरून आलेली चोडणची पोरं
रॅम्पवर नवसोला खांद्यावर घेऊन नाचली.
कायतान मास्तरांनी कठड्यावर काजूच्या बिया मांडल्या,
दोन इकडे, एक तिकडे.
"हा झाला पहिला पाय," ते म्हणाले.
(लेगला ते पायच म्हणतात, चाळीस वर्षं शिकवलंय,
त्यांना कोण सुधारणार.)
"दुसऱ्या पायाला आपण एक-शून्य जिंकलो
तर ही एकटी बी दोनांना भारी.
परक्या मैदानावरचा गोल जड असतो."

मला ते लगेच पटलं.
नदी ओलांडली की सगळ्याचाच भाव वाढतो,
चिरे, कलिंगडं, बाळंतपणाला आणलेली नर्स.
माझी आई रायबंदरची. लग्न होऊन इकडे आली
आणि एकावन्न वर्षांनी गेली तेव्हाही
शेजारीण म्हणाली, पलतडची गेली.

बुधवारी असोसिएशनचा कागद आला,
तावेर्नाच्या दाराला डिंकाने चिकटवला:
तो नियम यंदापासून रद्द.
गोल म्हणजे गोल, कुठेही मारा.
मास्तरांनी चष्मा काढून वाचला, घालून वाचला,
आणि बिया खिशात टाकल्या.

रविवारी दुपारपर्यंत अकरा खेपा.
रायबंदरवाल्यांनी लग्नातला ट्रम्पेट आणला होता
आणि वाजवणारा आणला नव्हता,
त्यामुळे ज्याला फुंकावंसं वाटेल तो फुंकत होता.
चारनंतरची ड्युटी मी पुरसोच्या गळ्यात घातली
आणि बांधावर जाऊन उभा राहिलो.
मैदान म्हणजे कापलेलं खाजन,
भाताचे खुंट अजून टोचतात,
एका गोलमागे मानशीचं पाणी.

त्रेसष्टाव्या मिनिटाला कॉर्नर, आणि नवसोचं डोकं.
एक-शून्य. बेरीज दोन-दोन.
शिट्टी झाली तसा मिंगेलबाब
दिसेल त्याला मिठ्या मारत सुटला.
"जिंकलो! जिंकलो!" कागद त्याने वाचलाच नव्हता.
त्याला सांगायला कोणी पुढे झालं नाही.
दोन-तीन मिनिटं तरी
चोडणमध्ये एक माणूस चॅम्पियन होता.
मी त्याच्या मिठीत गेलो. खोटं कशाला बोलू,
त्याच्या खांद्याआड मीही होतो.

जादा वेळ कोरडा गेला. मग पेनल्ट्या.
उजेड संपलेला. पोरांनी मोटारसायकली आणून
गोलच्या दोन्ही बाजूंना हेडलाइट लावले.
रायबंदरचा ज्योकिम त्या झोतात हात पसरून उभा,
त्याची सावली माडांच्या झावळ्यांपर्यंत.
पाचवी नवसोची.

खांबाला लागली. नारळ फुटावा तसा आवाज,
आणि बॉल उडून मानशीच्या पाण्यात.
त्याच्यामागे कोणी गेलं नाही.

शेवटची फेरी आम्ही पाऊण तास थांबवून ठेवली होती.
कप चढला, ट्रम्पेट चढला,
कुणाची तरी शेळीही चढली.
मध्यापर्यंत ते गात होते.
तिथे वारा लागतो, माणसं आपोआप गप्प होतात.
ज्योकिम साखळीपाशी माझ्याजवळ आला.
"तुमच्या त्या दहा नंबरचा," तो म्हणाला,
"आमच्या मैदानावरचा गोल.
तो मला दिसलाच नव्हता. अजून दिसत नाही."
मी म्हटलं, सांगतो त्याला.
मग विचारलं, "फोंतेच्या वाटेवर
बोरकरांचं घर होतं, आहे?"
"भिंती आहेत," तो म्हणाला.

परतताना बोटीत मी, ड्रायव्हर
आणि शेळीच्या लेंड्या.
चोडणच्या बाजूला, बांधाच्या पलीकडे,
एक हेडलाइट अजून चालूच होता.
बॅटरी उतरेल, ड्रायव्हर म्हणाला.
उतरू दे, म्हटलं.