ऐकणारा व्हॉल्व्ह

उद्यमनगरात, लेथच्या वरची माडी.
भूपालअण्णांचा स्कोप तापायला
एक चहा लागतो.
मग हिरवी रेघ उठते:
डोंगर, दरी, डोंगर.

पहिल्या व्हॉल्व्हचा डोंगर माथ्यावर चपटा.
"दमलाय. ठेव तिकडं."
दुसऱ्याची चंदेरी टोपी पांढरी पडलेली,
तो लावूनसुद्धा बघितला नाही.

तिसऱ्याचा सिग्नल काढला, रेघ आडवी झाली.
पेन्सिलीनं टिचकी मारली,
शहारली.
"ह्याला ऐकू येतंय. बाद."

खाली घण पडला,
रेघ दचकली.
अण्णा खोकले,
तेही दिसलं.

बाद म्हणाले, पण सॉकेटातनं काढला नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद.
मी जिना चढून दारात पोचले,
तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,
"सातवी पायरी ढिली झालीया गं."