पान बासष्ट, तळाची ओळ

पाचवीचं इंग्रजी गाइड, पान बासष्ट.
डावीकडे समूह, उजवीकडे ज्याचा तो.
नारायण पेठेतल्या पोटमाळ्यावर मी टाइप करत होते,
खाली मशीन धडधडत होतं,
माझ्या चहावर बारीक लाटा.

सिंहांचा प्राइड.
आपल्याकडे गर्व एकट्याला होतो,
पेठेत जरा लवकर होतो.
माशांची स्कूल. घुबडांची पार्लमेंट.
बोगावत शेठ म्हणाले, राजकारण नको, मुलांचं पुस्तक आहे.
पायऱ्यांची फ्लाइट:
दिवसातून नऊ वेळा हा जिना चढते,
अजून उडाले नाही.

आणि कावळ्यांचा मर्डर.

गर्गे बाईंनी प्रूफात त्यावर लाल काट मारली,
समासात फ्लॉक लिहिलं
आणि खाली, मुंगीच्या अक्षरात:
ओंकारेश्वरावर आमच्या ह्यांच्या दहाव्याला
पावणेदोन तास उभे होतो, मी आणि धाकटे दीर,
एक कावळा यावा म्हणून.
फ्लॅट, एफडी, पुतणीचं लग्न,
सगळं कबूल करून झालं.
शेवटी एक लंगडा आला.
त्याला खुनी म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रूफ परत मागवलं.
काट मारलेल्या शब्दाखाली टिंबं दिली,
एकेक, दाबून.
टिंबं म्हणजे काट रद्द,
होतं तसं राहू द्या.
"पोरांचे मार्क जातील गं," म्हणाल्या,
"कावळे घेतील समजून."

तळाशी एक ओळ रिकामी उरली.
शेठ खालून ओरडले, भर काहीतरी, चौकट बोडकी दिसते.
शोधायला बसले तर सगळे आपलेच पुढे आले:
मेथीची जुडी, भाकरीची चवड,
करवंदांची जाळी,
मडक्यांची उतरंड,
अढी, जी आंब्यांखेरीज कुणाला
सहसा जवळ करत नाही
आणि माणसांच्या मनात बसली
तर वेगळंच काही पिकवते.
यातलं काय त्या चौकटीत बसणार?

खाली बाइंडिंगच्या टेबलाभोवती
हौसा, मुमताज आणि लोंढे मावशी फिरत होत्या.
प्रत्येक थप्पीतून एक फर्मा उचलायचा,
पुढे सरकायचं,
परत पहिल्या थप्पीशी.
सरळ चालल्या असत्या
तर संध्याकाळपर्यंत शिरवळ आलं असतं.
फर्म्यांची थप्पी होती, पुस्तकांचा गठ्ठा होता.
या तिघींना
मस्टरवर नुसतं: लेबर ३.

ओळ तशीच गेली.
सात हजार प्रती.

दोन वर्षांनी अप्पा बळवंत चौकात,
जुन्या पुस्तकांच्या ढिगात, आमचंच गाइड.
कव्हरवर ओजस भिंताडे, पाचवी ड,
आणि मिशा काढलेला सूर्य.
सवयीने बासष्ट उघडलं.
रिकाम्या ओळीत पेन्सिलीने,
एक एम कमी घालून, लिहिलं होतं
अ गेट ऑफ मम्मीज.

मला दिसल्या त्या, सव्वाबाराच्या उन्हात,
स्कूटी तिरक्या लावलेल्या,
डोळे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ,
कुणाची पोळी परत आली, कुणाची वही हरवली,
वॉचमनशी भांडण चालू, कान घंटेकडे.
आत पळत येणाऱ्याला
कुणाचा चेहरा दिसत नसणार,
दिसत असणार ते एवढंच:
दार आहे
आणि ते दाराएवढं भरलंय.

त्यावर टीचरची लाल फुली.

पुस्तकाचे पंधरा रुपये दिले, घासाघीस न करता.
दुकानदाराने नोट उलटी करून पाहिली.
तिथेच, एका हातात छत्री धरून,
पर्समधलं पेन दातांनी उघडलं
आणि ओजसच्या शब्दांखाली
टिंबं देत गेले,
एकेक,
दाबून.