मापातला

उत्तरेचा पहिला वारा परवा येऊन गेला.
त्यानं लागुना माद्रेचं पाणी वीतभर ओढून नेलं
आणि उरलेलं निवळलं.
आता गुडघाभर. गवताची पाती
सगळी एका अंगाला विंचरलेली.

रेफुहिओमामा बर्फाच्या पेटीवर बसलाय.
त्याला आता काठी रेटवत नाही, म्हणून मी रेटते
आणि तो माझ्या रेटण्याला नावं ठेवतो.
"आवाज नको. गवताला कान असतात."
गवताला नसतात. माशाला असतात.
पण ओहोटीच्या वेळी मामाशी कोण वाद घालणार.

बेतो पाण्यात उतरलाय. भाचा, अकरा वर्षांचा.
पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल,
वाळूत पाकट निजलेलं असतं.
हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही;
घोट्यावरचा व्रण म्हणतो, उशिरा सांगितलं.

बोयांचं एक टोळकं उगाच उडालं.
उगाच नव्हे.
मागून एक शेपूट पाण्याबाहेर आलं,
तांबूस, कडेला निळसर, मुळाशी काळा ठिपका,
जणू कुणी डोकं खाली घालून
चिखलात पडलेलं कर्णफूल शोधतंय.

मामानं बोट दाखवलं नाही. श्वास धरला फक्त.
बेतोची पहिली कोळंबी हातभर लांब पडली,
दुसरी बरोबर.
मग रीळ जे किंचाळलं
ते माझ्या पोटात अजून आहे.

पट्टी लावली. मापाच्या वर, दोन बोटं.
मोठ्या माशाची वर्षाला एकच चिठ्ठी मिळते,
ती मी सप्टेंबरातच उडवली होती.
मामा हसला, "लहान सोडायचा, म्हातारा सोडायचा.
मधल्यालाच तेवढं खातात."
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मला एक्कावन्नावं लागलंय.
घरी त्याच्या गोळ्या वारवार डबीत भरायच्यात,
बेतोच्या आईला सान अँटोनियोत पैसे धाडायचेत.
मी काठी चिखलात रोवली, बोट थांबवली.

बेतोनं मासा शेपटाशी धरला,
तोंड प्रवाहाकडे, पुढंमागं, पुढंमागं.
"कधी सोडायचं, कळणार कसं?"
"तोच सांगेल," मामा म्हणाला.

त्यानं सांगितलं. बेतोच्या तोंडावर पाणी मारून.
गवत तिथं क्षणभर उलटं विंचरलं गेलं.

"आता उत्तरेला घे," मामा म्हणाला.
मी दक्षिणेला घेतली.
तिकडं फार उथळ आहे गं.
असू दे.