विषय क्रमांक चौदा

विद्या परिषदेच्या बैठकीत, दुपारी चारनंतर,
बिस्किटं मऊ पडल्यावर निघाला
विषय क्रमांक चौदा:
ईश्वरविद्या, पदव्युत्तर अभ्यासक्रम, विचारार्थ.

मी रसायनशास्त्राचा. निवृत्तीला सात महिने.
म्हणालो, ज्या विषयाचा विषयच हाती लागत नाही
त्याची प्रयोगशाळा कुठे बांधायची, बाई?
खडकीला, की खडकवासल्याला?
सगळे हसले. सभेत हशा मिळाला की
मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

एस्तेर पाटोळे हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
नगर रोडला तीस वर्षं हिब्रू शिकवलेल्या बाई,
चष्म्याची दोरी सरळ करत म्हणाल्या:
"मागच्या वर्षी मी एकाला नापास केलं.
भाविक पोरगा. पहाटे चारला उठून गुडघे टेकणारा.
प्रबंध सुरेख होता. वाचताना माझेही डोळे भरले.
पण सातव्या प्रकरणात एक क्रियापद
त्यानं आपल्या श्रद्धेच्या बाजूला वाकवलं होतं.
जुन्या तिन्ही हस्तलिखितांत ते तसं नाही.
त्याला उत्तर आधीच ठाऊक होतं, सर.
ठाऊक असलेल्या उत्तराला आम्ही गुण देत नाही."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आणि मला, काही कारण नसताना, आठवला
शहाऐंशी सालचा एक आलेख:
अकरा बिंदू रेषेवर, बारावा भलतीकडेच.
भांडं नीट धुतलं नसेल, म्हणालो,
आणि खोडरबर घेतलं.
रेषा सुंदर आली. डॉक्टरेटही.
मी कुठल्या देवाला मानत नाही;
त्या रेषेला मानत होतो.

हात वर करायच्या वेळी माझा हात
टेबलावरच राहिला, कपाच्या कानात बोट अडकवून.
विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब.

फाटकाशी, औंधकडे तुंबलेल्या गाड्यांच्या गोंगाटात
मी विचारलं, त्या मुलाचं काय झालं?
"दुसऱ्यांदा लिहितोय. क्रियापद सरळ केलंय.
आता शेवटची चाळीस पानं उभीच राहत नाहीत.
रोज भांडतो माझ्याशी. छान चाललंय त्याचं."
आणि तुम्ही? म्हटलं. तुम्ही मानता?
त्या रिक्षाला हात करत होत्या.
"हे अभ्यासक्रमाबाहेरचं," म्हणाल्या,
आणि मीटरनंच येणार ना, हे
रिक्षावाल्याला दोनदा विचारून घेतलं.